टाइमआउट: मागायचा कोणी, मिळतो कधी, नोंद कुठे

इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सपासून शाळांच्या कोर्टांपर्यंत एक दृश्य ठरलेलं: हातात बॉल असलेला खेळाडू पंचांकडे बघून टाइमआउट, म्हणजे सल्लामसलतीसाठी खेळाला छोटा थांबा, मागतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ते चालतं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळताना खेळाडूच्या मागणीला किंमत नाही.

मागणी करायची ती मुख्य प्रशिक्षकाने किंवा पहिल्या सहायक प्रशिक्षकाने, तीही टेबलावर नोंद ठेवणाऱ्या स्कोअररकडे: टेबलापाशी जाऊन किंवा नजरानजर करून, हाताने खूण करत. त्यासाठी या दोघांची नावं स्कोअरशीटवर हवीत. संघाची यादी सामन्याच्या किमान 40 मिनिटं आधी द्यायची आणि 10 मिनिटं आधी मुख्य प्रशिक्षकाने सही करायची. सहायकाचं नाव घाईत राहून जातं, मग ऐन वेळी त्याला मागता येत नाही.

टाइमआउट पूर्वार्धात 2, उत्तरार्धात 3, प्रत्येक जादा डावात (ओव्हरटाइममध्ये) 1. प्रत्येक 1 मिनिटाचा. उरलेले पुढे नेता येत नाहीत. चौथ्या क्वार्टरची शेवटची 2 मिनिटं सुरू होईपर्यंत उत्तरार्धातला एकही घेतला नसेल, तर स्कोअरशीटवर उत्तरार्धाच्या पहिल्या चौकटीत दोन आडव्या रेघा पडतात आणि हाती 2च राहतात. ‘शेवटासाठी ठेवू’ म्हणणारे इथेच फसतात.

मागितला की लगेच मिळतो असंही नाही. बॉल डेड, घड्याळ बंद आणि पंचांचं टेबलाशी बोलणं संपलेलं, अशी संधी दोन्ही संघांना असते. शेवटचा फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरीही. मैदानी बास्केट (फ्री थ्रो नव्हे, चालू खेळातलं) झालं तर फक्त ते खाणाऱ्या संघाला. थ्रो-इनसाठी (रेषेबाहेरून बॉल आत टाकण्यासाठी) किंवा पहिल्या फ्री थ्रोसाठी बॉल खेळाडूच्या हवाली झाला की संधी गेली. म्हणून आधीच सांगून ठेवावं. बझर वाजेपर्यंत मागणी मागे घेता येते.

50 सेकंदांवर बझर वाजतो, तेव्हा उठायचं. रेंगाळलात तर आधी ताकीद, मग आणखी एक टाइमआउट खर्ची, आणि शिल्लक नसेल तर प्रशिक्षकावर टेक्निकल फाउल.

शेवटच्या 2 मिनिटांत कोर्टाच्या आपल्या मागच्या भागातून (आपलं बास्केट असलेल्या अर्ध्या भागातून) बॉल मिळणार असताना टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन मागून की पुढच्या भागातून, हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो. पुढून घेतल्यास शॉट क्लॉकवर (बास्केटवर फेक करण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) 14 सेकंदांपेक्षा जास्त मिळत नाहीत. पिछाडीवर असाल तर पुढूनच घ्या. एका गुणाने पुढे असाल आणि वेळ काढायचा असेल, तर मागचा भाग बरा.