मालवणी खाजा

बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर गूळ-आल्याचा पाक चढवून केलेला सिंधुदुर्गाचा गोड पदार्थ. बिहारमधील सिलाव किंवा ओडिशातील पुरी येथे मैद्याच्या पदरांचा खाजा होतो, त्याच्याशी याचे नाते फक्त नावापुरते. आंगणेवाडीची भराडी देवी असो वा कुणकेश्वरची महाशिवरात्र, जत्रेहून परतताना घरच्यांसाठी खाजा घेतलाच जातो.

१ किलो बेसनात मीठ, हळद आणि बेताचे कडकडीत मोहन घालून पीठ घट्ट मळतात. मोहन जास्त झाले तर कांड्या पाकात परतताना मोडतात. मोठ्या भोकाच्या सोऱ्याने जाड शेव पाडून किंवा हाताने वळून बोटभर लांबीच्या कांड्या करतात व मध्यम आचेवर सावकाश तळतात. आच मोठी झाली की त्या वरून लाल होतात, आतून कच्च्याच राहतात आणि दोन दिवसांत मऊ पडतात.

खरी कसोटी पाकाची. बेसनाइतकाच गूळ आणि तो भिजेल एवढेच पाणी घेतात. सुमारे ५० ग्रॅम आल्याचा कीस सुरुवातीलाच घालावा. शेवटी घातला तर आल्याच्या पाण्याने तयार पाक पुन्हा सैल होतो. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून त्याची घट्टसर गोळी वळली (साधारण १२० अंश सेल्सिअस) की कढई उतरवून कांड्या घालतात आणि उलथन्याने परतत राहतात. हात थांबवायचा नाही. या ढवळण्यानेच साखरेचे बारीक कण धरतात, पाक फिकट होत सुकतो आणि कांड्या सुट्या होतात. पाक कच्चा राहिला तर खाजा चिकटतो. पुढे गेला तर कांड्यांना नीट लागण्याआधीच कढईत आळतो. चिक्कीचा गूळ इथे वापरू नये. त्याचे कण धरत नाहीत, वर चकचकीत कडक कवच येते आणि कांड्या एकमेकींना चिकटून ढेप होते.

गूळ हवेतली ओल ओढतो, म्हणून किनाऱ्यावर कोरडे दिवसच खाजाला मानवतात आणि जत्रांचा हंगामही कार्तिकापासून पुढे, नेमका त्याच दिवसांत येतो. पावसाळ्यात केलेला खाजा उघडा राहिला तर लवकर पाझरतो. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतो; गरम असताना भरल्यास वाफेनेच ओलावतो.