४६२५ किलोहर्ट्झ आणि एका चुकीच्या नावाची गोष्ट

रेडिओ सिलोन लावताना काटा केसभर सरकला की मधेच शिट्ट्या, टकटक, भुणभुण यायची. आपण तिला खरखर म्हणून सोडून दिलं. काही जणांनी मात्र वही काढली आणि कुठला आवाज कुणाचा हे ओळखायचा छंदच लावून घेतला.

जुलै १९७६ पासून सेकंदाला दहा ठोके देणारा 'रशियन सुतारपक्षी' जगभरच्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, सतावत होता. त्याचा माग सोव्हिएत युक्रेनपर्यंत गेला. चेर्नोबिलजवळची ती अवाढव्य अँटेना क्षितिजापलीकडच्या रडारची निघाली आणि १९८९ मध्ये ठोके थांबले. एवढा धसमुसळा सिग्नल ओळखला गेला नसता तरच नवल.

खरी परीक्षा 'बझर'ची. रशियातून ४६२५ किलोहर्ट्झवर येणारी ही भुणभुण मिनिटाला साधारण पंचवीसदा होते. आधी नुसती पीप होती, १९९० च्या सुमारास तिची भुणभुण झाली. २४ डिसेंबर १९९७ ला ती थांबली आणि एका माणसाने रशियनमध्ये संदेश वाचला. सुरुवातीला स्टेशनची कॉल साइन, म्हणजे त्याचं ओळखीचं सांकेतिक नाव, दोनदा, मग अंक, 'ब्रोमाल' हा शब्द आणि पुन्हा अंक. श्रोत्यांनी कॉल साइन लिहून घेतली: यूव्हीबी-७६.

घोळ इथेच झाला. स्टेशन होतं यूझेडबी-७६. रशियनमध्ये ही दोन अक्षरं 'वे' आणि 'झे' अशी म्हणतात, आणि शॉर्टवेव्हच्या घुसमटलेल्या आवाजात दोन्ही सारखीच घासत येतात. गंमत म्हणजे 'ब्रोमाल' हा शब्द निवेदकाने बोरिस, रोमान, ओल्गा, मिखाईल, आन्ना, लारिसा असा, एकेका अक्षराला एक नाव देऊन, फोडून सांगितला होता, त्यामुळे तो अचूक उतरला. कॉल साइन फोडून सांगितलीच नव्हती! काही जणांना हा कीस काढणं वाटतं. मला नाही वाटत. सिग्नल ओळखण्याच्या छंदात नाव चुकलं तर उरलं काय? तरी चुकीचं नाव इतकं रुळलं की आजही शोधताना तेच टाकावं लागतं.

सप्टेंबर २०१० मध्ये प्रक्षेपण मॉस्कोजवळच्या पोवारोवोहून हललं आणि कॉल साइनही बदलली. नवी मिखाईल, दिमित्री, झेन्या, बोरिस अशी फोडून सांगत, म्हणून तिथे वादच झाला नाही. २०१५ नंतर तीही बदलली.

भुणभुण कशासाठी, यावर अणुयुद्धाच्या कथा भरपूर आहेत. त्या मनोरंजक आहेत, एवढंच. ३ नोव्हेंबर २००१ ला भुणभुणीमागे दोन माणसांचं बोलणं ऐकू आलं: जनरेटरचा सिग्नल मिळत नाही, अशी तक्रार. म्हणजे वाजणाऱ्या यंत्राजवळ माइक उघडा होता. लष्करी संदेशांसाठी जागा धरून ठेवायची, लाइन चालू आहे हे कळवत राहायचं, एवढाच उद्योग असावा. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात तसा.

नव्वदच्या दशकात युरोपातल्या एका श्रोतागटाने अशा स्टेशनांना भाषेनुसार अक्षर आणि क्रमांक द्यायची पद्धत पाडली. इंग्रजीला ई, जर्मनला जी, स्लाव्ह भाषांना एस, मोर्सला एम. बझर झाला एस-२८, त्यामुळे कॉल साइन कितीही बदलो, नोंद एकाच खात्यावर राहते.

आता घरी रेडिओही लागत नाही. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाचा रिसीव्हर २००८ पासून ब्राउझरमधून फिरवता येतो आणि सिग्नल 'वॉटरफॉल'वर, म्हणजे पडद्यावर सरकत जाणाऱ्या आलेखावर, डोळ्यांना दिसतो. त्याचा उपद्रवही झाला. जानेवारी २०२२ मध्ये रेडिओ-चाच्यांनी, म्हणजे विनापरवाना प्रक्षेपण करणाऱ्यांनी, बझरच्या वारंवारितेवर 'गंगनम स्टाइल' वाजवलं आणि वॉटरफॉलवर चक्क चित्रं उमटवली. त्या आठवड्यांत आधी ठरवावं लागे की पडद्यावर दिसतंय ते बझरचं की त्याच्यावर चढून बसलेल्या कुणा उपद्व्यापी माणसाचं.