गाडी जाईपर्यंत थांब!

मुंबईत रुळांना खेटून असलेल्या खोल्यांमध्ये संध्याकाळचं बोलणं तुकड्यातुकड्यांत चालतं. तीन वर्षांची मुलगी विचारते, “बाबा, कावळे रात्री कुठे जातात?” तेवढ्यात लोकल धडधडत येते, बाबा हातानेच ‘थांब’ म्हणतात. गाडी जाते तोवर कुकरची शिट्टी होते, फोन वाजतो आणि कावळे राहून जातात.

एकदा राहिले तर काही बिघडत नाही. रोजच अशा गोंगाटात शिकायचं झालं तर काय होतं, हे न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत दिसलं. मॅनहॅटनच्या या शाळेची एक बाजू उन्नत रेल्वेमार्गाकडे होती. दर साडेचार मिनिटांनी गाडी जायची आणि बाईंना शिकवणं थांबवावं लागायचं. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दोन्ही बाजूंच्या वर्गांचं वाचन ताडून पाहिलं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुळांकडची मुलं मागे पडलेली दिसली. सहावीत तर जवळजवळ वर्षभराने. पुढे रुळांखाली रबर आलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं बसली आणि फरक मिटला. त्यासाठी कुणी पालकांना संस्कारांवर व्याख्यान दिलं नव्हतं.

घरातल्या बोलण्याचं मोल किती, हे २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं. चार ते सहा वर्षांच्या मुलांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू स्कॅन केला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडतात, यापेक्षा मूल आणि मोठी माणसं आळीपाळीने किती बोलतात, याचा भाषेशी निगडित ‘ब्रोका’ भागाच्या सक्रियतेशी जास्त संबंध दिसला. घरचं उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण जमेस धरूनही तो टिकला. म्हणजे दिवसभर टीव्ही बोलत राहिला तरी तो हिशेबात येत नाही. मुलाचं ऐकून त्याला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.

आता उत्तर द्यायला माणूस घरात हवा ना! सकाळी मूल झोपेत असताना विरारहून गाडी पकडायची आणि परत यावं तर ते पुन्हा झोपलेलं, अशा बापाला ‘मुलाला वेळ द्या’ सांगणं सोपं आहे. अमेरिकेत चेरोकी आदिवासींच्या वस्तीत १९९०च्या दशकात कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. संशोधक जेन कॉस्टेलो यांचं पथक तिथल्या मुलांची पाहणी आधीपासूनच करत होतं. जी कुटुंबं गरिबीतून बाहेर पडली, त्यांच्या मुलांमधली भांडखोरी, आडदांडपणा कमी झाला. चिंता, नैराश्य यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. सुधारणेमागचं एक कारण अगदी साधं निघालं: आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळू लागली होती.

आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येईल, अशी तरतूदही केली. पण चार घरची धुणीभांडी करणारी बाई यात बसत नाही. टोपली घेऊन दारोदार फिरणारी कोळीणही नाही. त्यांची मुलं शेजारच्या आजीच्या भरवशावर, नाहीतर दहा वर्षांच्या ताईच्या कडेवर.