कोपर खाली पडतं: आठव्या वर्षी आणि तेराव्या वर्षी

बडोद्यातल्या क्रिकेटच्या कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी जा, थ्रो शिकवताना एक ओरडा हमखास कानावर येतो: "अरे, कोपर वर!" आठ वर्षांच्या पोरालाही तोच, तेरा वर्षांच्यालाही तोच. ज्या बडोद्याकडून विजय हजारे खेळले, तिथे अजून हे चालावं याचा मला खरंच राग येतो.

मोठ्यांचा थ्रो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: आडवं उभं राहणं, पुढचा पाय, कंबर, खांदा, शेवटी हात. अंतर, चेंडूवरची बोटं वगैरे वयाप्रमाणे बदलतच जातं.

गफलत होते ती कोपरात. दोघांचंही खांद्याच्या खाली, दिसायला अगदी सारखं.

आठ वर्षांच्याच्या हातात मोठ्यांचा कडक चामडी सीझन बॉल असतो, 155.9 ते 163 ग्रॅमचा. बोटं पुरत नाहीत, मग तो तळहातावर धरून गोळाफेकीसारखा ढकलतो. तेरा वर्षांखालच्यांसाठी नियमातच 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू आहे. या वयाला मी तोही देत नाही. टेनिस बॉल द्या, लांबची भिंत दाखवा, "जोरात हाण" म्हणा. पाय पुढे पडतो आणि कोपर आपलं आपण वर येतं. हात धरून कोन दाखवू नका, पोरगं आखडतं.

तेरा वर्षांच्याला फेकता येतं, गेल्या महिन्यापर्यंत नीटच फेकत होता. पण आता उंची भराभर वाढतेय (मुलींत हे दोनेक वर्षं आधीच येतं), आणि कोपराच्या आतल्या उंचवट्याशी, जिथे मनगट वळवणारे स्नायू जोडलेले असतात, तिथली वाढीची कूर्चा अजून हाड झालेली नाही. प्रत्येक थ्रोला ओढ तिथेच बसते. म्हणून मी पहिले दहा थ्रो बघतो, मग विसानंतरचे दहा. सुरुवातीला नीट आणि नंतर कोपर उतरलं, तर हात थकलाय. तिथेच थांबवायचं.

माझा भाचा थ्रो झाला की कोपर पँटला घासायचा. शिकवणारे म्हणाले, "आणखी पन्नास टाक, सवय होईल." घरी त्या उंचवट्यावर मी नुसता अंगठा टेकवला, तर त्याने हात झटकन मागे घेतला. दुखतंय का, हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. हाडांच्या डॉक्टरांनी फेकणं पूर्ण बंद केलं. कित्येक आठवडे तो स्लिपमध्ये उभा राहून झेल घ्यायचा आणि चेंडू डाव्या हाताने घरंगळत परत द्यायचा.