फौजदार कुठून यावा?

पोलीस नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की बोलणे भारतीय पोलीस सेवेतल्या (आयपीएस) अधिकाऱ्यांवर येऊन थांबते. त्यांची अकादमी १९४८ साली माउंट अबूला सुरू झाली, १९७५ मध्ये हैदराबादला गेली. २०१० पासून या अधिकाऱ्यांना सेवेच्या मध्यावरही टप्प्याटप्प्याने पुन्हा वर्गात बसवतात. हे चांगलेच झाले. पण तक्रार घेऊन ठाण्यात जाणाऱ्याला भेटतो तो फौजदार.

कागदावर तो ‘पोलीस उपनिरीक्षक’. तो कुठून घ्यावा, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९०२-०३ च्या, ब्रिटिश काळातल्या पोलीस आयोगाने कौल दिला की शिकलेले तरुण थेट या पदावर घ्यावेत, हवालदारांपैकी मोजक्यांनाच बढती द्यावी. शिपायाने सांगितलेले करावे, विचार वरच्याने करावा, हे त्यामागचे गृहीत. पुढे नाशिकला गेलेली प्रशिक्षण शाळा याच काळातली, १९०६ ची. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने हे गृहीतच खोडून काढले. रस्त्यावर पहिला निर्णय शिपायालाच घ्यावा लागतो, तेव्हा त्याला तसे शिकवा आणि वर जायची वाट द्या, असे त्याचे म्हणणे होते.

महाराष्ट्राने मधला मार्ग काढला: उपनिरीक्षकांच्या निम्म्या जागा सरळसेवेने, म्हणजे बाहेरून थेट भरतीने, २५ टक्के खात्यातल्याच शिपाई-हवालदारांच्या मर्यादित विभागीय परीक्षेतून, २५ टक्के ज्येष्ठतेने. खरी खडाजंगी मधल्या २५ टक्क्यांवर. या परीक्षेमुळे ज्येष्ठांवर अन्याय होतो, असे ज्येष्ठतेच्या रांगेत उभे असलेले म्हणतात. त्यांचे दुःख खोटे नाही. तरी माझे मत परीक्षेच्या बाजूने आहे.

कुठल्याही ठाण्यात बघा. नाशिकच्या पोलीस अकादमीतून नुकताच आलेला उपनिरीक्षक पंचनाम्याला उभा राहतो, आणि पंच कुठे उभे करायचे, कोणती वस्तू आधी सील करायची, हे शेजारचा हवालदार हळू आवाजात सुचवतो. साहेबाचे शिक्षण तिथे पुरे होते. हवालदाराचे मात्र कुणी पुढे नेत नाही. विभागीय परीक्षा पास झालेला शिपाई तिशी-पस्तिशीत अकादमीत जातो, हाताशी वीसेक वर्षांची उमेद असते. ज्येष्ठतेच्या रांगेतल्याच्या खांद्यावर तारे चढतात तेव्हा बहुधा पन्नाशी उलटलेली असते, आणि निवृत्ती अठ्ठावन्नला.