मुंबई वारसा जतन समिती

बृहन्मुंबईतल्या ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय किंवा सांस्कृतिक महत्त्वाच्या इमारती, वाड्या, पाणपोया, तलाव आणि अख्खे परिसर यांमध्ये करायच्या बदलांबाबत महानगरपालिका आयुक्तांना सल्ला देणारी, राज्य शासनाने नेमलेली समिती. कागदोपत्री ती ‘एमएचसीसी’, पण आर्किटेक्ट, घरमालक, भाडेकरू आणि पालिकेतले कारकून सगळे तिला ‘हेरिटेज कमिटी’ म्हणतात. १९९५ सालच्या वारसा नियमावलीतून ती अस्तित्वात आली. एखाद्या शहरातल्या वापरात असलेल्या जुन्या इमारतींसाठी अशी नियमावली करणारे मुंबई हे भारतातले पहिले शहर मानले जाते.

पुरातत्त्व खात्याचा कायदा त्याआधीही होताच. १९५८चा केंद्रीय कायदा आणि त्यापाठोपाठ आलेला राज्याचा कायदा लेणी, किल्ले, मंदिरे यांना संरक्षण देत होते. मात्र ज्या वास्तूत माणसे राहतात, खटले चालतात, गाड्या सुटतात, भाजी विकली जाते, तिथे हे कायदे फारसे कामाचे नव्हते. घारापुरीच्या लेण्यांना राखणदार होता. फोर्टातल्या एखाद्या कमानदार इमारतीवर दोन मजले चढवायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जागेचे भाव चढू लागले, बंगले पाडून टॉवर उभे राहू लागले, तेव्हा काही नागरिक संघटनांनी याद्या करायला सुरुवात केली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी यांनी तर शासनाला वर्षानुवर्षे पत्रे, निवेदने आणि मसुदे पाठवून या विषयाचा पिच्छा पुरवला. अखेर १९९४ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ यांच्या व्याख्या आल्या. एप्रिल १९९५ मध्ये शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ६७वा नियम अधिसूचित झाला आणि त्यासोबत सहाशेहून अधिक नोंदींची यादी प्रसिद्ध झाली. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत याच तरतुदी ५२व्या नियमात आहेत.

समितीच्या अध्यक्षपदी सहसा निवृत्त ज्येष्ठ सनदी अधिकारी असतो. सदस्यांमध्ये संरचना अभियंता, संवर्धनाचा अनुभव असलेले वास्तुरचनाकार, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक, पर्यावरणतज्ज्ञ, वस्तुसंग्रहालयाचे प्रतिनिधी आणि पालिकेचे अधिकारी अशी सरमिसळ असते. अभियंत्याला तुळई किती दिवस टिकेल याची काळजी, इतिहासकाराला ती तुळई कुठून आली याची. त्यामुळे बैठकीत मतभेद होतात आणि ते व्हावेत म्हणूनच ही रचना आहे.

यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि शहराची ओळख बनलेल्या वास्तू येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गेट वे ऑफ इंडिया, राजाबाई टॉवर, फ्लोरा फाउंटन ही त्यातली ठळक नावे. यांच्यात आतून वा बाहेरून कोणताही बदल करायचा नाही. वास्तू टिकवण्यासाठी अगदी आवश्यक असेल तेवढेच करायचे, असा दंडक आहे. दुसरी श्रेणी स्थानिक महत्त्वाच्या इमारतींची. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत: ‘अ’मध्ये आतले बदल आणि वेगळा वापर चालतो, ‘ब’मध्ये मूळ वास्तूशी जुळते असे वाढीव बांधकामही त्याच भूखंडावर करता येते. तिसरी श्रेणी एकेकट्या इमारतीपेक्षा रस्त्याच्या आणि वस्तीच्या चेहऱ्यासाठी महत्त्वाच्या घरांची. तिथे बरीच मोकळीक आहे. याखेरीज बाणगंगा, माझगावातली माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी यांसारखे पूर्ण परिसर नोंदवलेले आहेत. व्यवहारात बहुतेक भांडणे तिसऱ्या श्रेणीची आणि परिसरांची असतात. टर्मिनस पाडा असे कुणीच म्हणत नाही.

एखाद्या प्रकरणाचा प्रवास पाहिला तर समितीचे काम नेमके कळते. समजा फोर्टातल्या दुसऱ्या श्रेणीतल्या इमारतीच्या मालकाला पुढच्या बाजूच्या खिडक्या बदलायच्या आहेत. सागवानी चौकटी कुजल्यात, पावसाळ्यात पाणी आत येते, भाडेकरू वैतागलेत. आर्किटेक्ट आहे त्या स्थितीचे आणि होऊ घातलेल्या स्थितीचे नकाशे, चारही बाजूंची छायाचित्रे, साहित्याची यादी आणि नोंदीचा उतारा जोडून पालिकेकडे अर्ज करतो. पालिकेचा हेरिटेज विभाग छाननी करून तो समितीपुढे ठेवतो. बैठकीत पहिला प्रश्न हमखास हाच येतो: सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या का? मग उत्तरे सुरू होतात. सागवान महाग आहे, सुतार मिळत नाही, काम लवकर संपवायचे आहे. समिती बहुधा सरसकट नकार देत नाही. रस्त्याकडच्या खिडक्या लाकडी, मूळ विभागणीच्या. मागच्या चौकातल्या हव्या तशा, असा मार्ग निघतो. गरज वाटली तर सदस्य जागेवर जाऊन पाहणी करतात, एखादा नमुना करून दाखवायला सांगतात. मंजुरी मिळते ती अटींसह, आणि या अटी बारीक असतात: गिलावा सिमेंटचा नको, चुन्याचा हवा, दगडावर रंग लावायचा नाही, नळ आणि वातानुकूलन यंत्रे दर्शनी भिंतीवर दिसता कामा नयेत.

चुन्याचा आग्रह हौसेपोटी नाही. मालाड-कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा चुनखडक श्वास घेतात. पावसाळ्यात ओल शोषतात आणि उन्हात सोडतात. त्यावर सिमेंटचा थर चढला की ओल आतच अडकते, क्षार फुगतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे निघू लागतात. जुन्या कामांत चुना घाण्यात घोटून त्यात गूळ, हिरडा, मेथी असे पदार्थ मिसळत. तो हात असलेले गवंडी आता थोडे उरलेत, आणि म्हणून नियमाने चुना मागितला तरी तो नीट लावणारा माणूस शोधणे हे वेगळेच काम होऊन बसते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईत संवर्धनाच्या कामांची मागणी वाढली, त्यातून अशा कारागिरांना पुन्हा काम मिळू लागले. समितीचा हा परिणाम नियमावलीत कुठेच लिहिलेला नाही, पण माझ्या मते तिच्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी तो एक आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र समितीचा शब्द अखेरचा नाही. परवानगी आयुक्त देतात, समिती सल्ला देते. अपवादात्मक प्रकरणात आयुक्त तो सल्ला डावलू शकतात. त्यासाठी त्यांना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. वरवर पाहता ही पळवाट वाटते. प्रत्यक्षात कारण लिहून त्याखाली स्वतःची सही करायची वेळ आली की बरेच निर्णय सावध होतात, कारण तोच कागद उद्या उच्च न्यायालयात सादर होऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला १९६३ मध्ये सुरुवात झाल्यानंतर दोन वर्षांनी स्थापन झालेल्या तिथल्या लँडमार्क्स आयोगाचे, म्हणजे वारसा वास्तू जपणाऱ्या आयोगाचे, निर्णय खासगी मालकांवर थेट बंधनकारक असतात. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या खटल्यात ते वैध ठरवले. मुंबईची समिती त्या मानाने मऊ आहे.

मालकाचे नुकसान भरून काढायला टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद आहे: वारसा नियमामुळे जेवढे बांधकाम करता येत नाही, तेवढ्याचा हक्क दुसरीकडे विकता येतो. कल्पना चांगली, अडचण हिशेबाची. बेट शहरात, म्हणजे उपनगरे सोडून मूळ मुंबईत, चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.३३ होता आणि फोर्ट-काळबादेवीतल्या कित्येक जुन्या इमारतींनी त्याहून जास्त बांधकाम आधीच वापरलेले आहे. जिथे शिल्लकच नाही तिथे विकायचे काय?

आणि इथूनच खरी गुंतागुंत सुरू होते. पाडण्याला मनाई करणे आणि इमारत उभी ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत. समिती पहिले करते. दुसऱ्यासाठी पैसे लागतात, आणि दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत ते नसतात, कारण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. महिन्याला तुटपुंजे भाडे घेणारा मालक गच्चीची गळती का दुरुस्त करील? म्हणून १९६९ नंतर दुरुस्ती उपकर आला, दुरुस्ती मंडळ आले, सुमारे १९ हजार इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणजे बोलीत ‘सेस बिल्डिंग’ झाल्या. पुढे याच इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्राचे आमिष दिले गेले. म्हणजे एका नियमाने जपायचे आणि दुसऱ्या नियमाने पाडायला बक्षीस द्यायचे. शासनाने नंतर तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरातल्या सेस इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या संमतीतून सूटही दिली, आणि समितीचा सगळ्यात रुंद असलेला पायाच आकसला.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, हे या पेचाचे ठळक उदाहरण. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या बिडाच्या खांबांची आणि तुळयांची ही इमारत जहाजाने आणून इथे जोडण्यात आली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या, समोरच न्यायालये असल्याने वकिलांनी जागा घेतल्या. यादीत नाव होते, कुणी पाडू शकत नव्हते, दुरुस्तीही कुणी करत नव्हते. २००५च्या पावसाळ्यात दर्शनी भागाचा तुकडा कोसळला आणि जीवितहानी झाली. त्याच सुमारास ती जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत गेली. २०१९ मध्ये रहिवासी आणि कचेऱ्या हलवून ती रिकामी करण्यात आली, आणि पाडावी की सावरावी हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

यादी वाढवण्याचा सर्वात मोठा प्रयत्न २०१२ साली झाला. व्ही. रंगनाथन समितीचे अध्यक्ष असताना पालिकेने नऊशेहून अधिक नव्या नोंदींचा मसुदा सूचना आणि हरकतींसाठी प्रसिद्ध केला. १९९५च्या यादीत फोर्ट आणि वसाहतकालीन सार्वजनिक इमारतींचा भरणा होता. या मसुद्यात दादर, शिवाजी पार्क, उपनगरांतली गावठाणे अशी राहती मुंबई आली. अपेक्षा कौतुकाची होती, आला विरोध. शिवाजी पार्कच्या कडेच्या सोसायट्यांतल्या लोकांनी सभा घेतल्या, हरकतींचे गठ्ठे पालिकेत गेले, राजकीय पक्षही मैदानात उतरले. विरोध करणाऱ्यांना मैदान किंवा तिथल्या घरांच्या गोलसर गच्च्या आवडत नव्हत्या असे मुळीच नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांतली लिफ्ट नसलेली घरे, म्हातारी होत चाललेली माणसे, आणि पुनर्विकासात मिळू शकणारी मोठी खोली हातची जाईल ही भीती त्यामागे होती. हरकतींच्या फेरविचारासाठी माजी मुख्य सचिव दिनेश अफजलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. घराला वारशाचा दर्जा देताना त्या घरातल्या माणसाशी आधी बोलायला हवे, हे या प्रकरणात फार उशिरा लक्षात आले.

खोताच्या वाडीत उलट चित्र दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांनी वसवलेल्या या वाडीत पुढे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजाची, कुटुंबे राहू लागली. पुढे ओसरी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, कौलारू छप्पर, आणि दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशी गल्ली. कधी काळी इथे अशी पासष्टच्या आसपास घरे होती. आता त्यांची संख्या निम्म्याच्याही खाली आली आहे. इथे जपण्याची मागणी बऱ्याच रहिवाशांकडूनच झाली, तरी वाटण्या, वारस आणि बिल्डरच्या ऑफर यांपुढे परिसराचा दर्जा अपुरा पडला.

जिथे मालक संस्था, सरकार किंवा सधन घराणे असते आणि पैसा उभा राहतो, तिथे निकाल चांगला दिसतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये, तर रॉयल ऑपेरा हाउसच्या कामाला २०१७ मध्ये युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाले. दादाभाई नौरोजी रस्त्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुकानांच्या पाट्यांसाठी नियम ठरले. कमानी झाकणारे फलक उतरवून पाट्या कमानीच्या आत, ठरावीक मापात बसवल्या गेल्या आणि झाकलेला दगड पुन्हा दिसू लागला. १८६४च्या फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या काळात, २०१८ मध्ये, कारंज्याभोवती खोदताना डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर धावली होती. त्यानंतर हे रूळ उखडण्याऐवजी तसेच बुजवले गेले होते.

२०१८ मध्येच ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलींतल्या इमारतींचा, एकूण ९४ वास्तूंचा, समूह जागतिक वारसा यादीत गेला. युनेस्को स्वतः पहारा देत नाही. तिथल्या एखाद्या बाल्कनीला काच बसवायची असेल, तरी अर्ज येतो तो याच समितीपुढे.

नियमावलीचा साचा मुंबईपुरता राहिला नाही. नागपुरात शासनाने वारसा जतन समिती नेमून शहराची यादी अधिसूचित केली. पुण्यात महापालिकेचा हेरिटेज विभाग आहे आणि विश्रामबागवाड्यासारख्या, पालिकेच्याच मालकीच्या वास्तूची निगा त्याच्याकडे असते. पेठांतल्या खासगी वाड्यांची गोष्ट मात्र गिरगावासारखीच आहे: अनेक वारस, पागडीचे भाडेकरू आणि दाराशी उभा बिल्डर.