एकच मासा, दोन निकाल: पीसीबी, मधुमेह आणि उत्तर अमेरिकेतले आदिवासी

कॅनडातल्या 'फर्स्ट नेशन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आदिवासींच्या आहाराची २००८ ते २०१८ अशी दहा वर्षं मोठी पाहणी झाली. आदिवासींची राष्ट्रीय संघटना आणि ओटावा व माँट्रियल इथली विद्यापीठं यांनी ९२ वस्त्यांमध्ये ती मिळून केली. प्रौढांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाला मधुमेह असल्याचं तीत दिसलं. माशांबाबतचे निकाल मात्र चक्रावून टाकणारे होते. ऑन्टॅरिओ प्रांतात आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा मासे खाणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळला, तर शेजारच्या मॅनिटोबात तो कमी आढळला. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती: अन्नातून पोटात जाणारं पीसीबी आणि डीडीई (दोन्ही क्लोरीनयुक्त विषारी रसायनं) जितकं जास्त, तितका मधुमेह जास्त.

म्हणजे मासा आणि माशातलं विष यांचे परिणाम वेगवेगळे मोजावे लागतात. माशातली ओमेगा-३ मेदाम्लं, प्रथिनं, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व शरीराच्या कामी येतात. त्याच चरबीत बसलेली क्लोरीनयुक्त रसायनं उलट दिशेला ओढतात. कोणती बाजू जड होईल हे पाणी कोणतं, मासा कोणता आणि त्याचं वय किती, यावर ठरतं.

पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, एकूण २०९ संयुगांचं कुटुंब. ही संयुगं सहज पेटत नाहीत आणि वीज वाहू देत नाहीत, म्हणून १९२९ पासून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि हायड्रॉलिक तेलात ती सर्रास वापरली गेली. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. डीडीई हा डीडीटी मोडल्यावर उरणारा अंश. डीडीटीचा संबंध आपल्याशीही आहे: रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षं तयार होत असे, आणि शेतीतली बंदी आल्यानंतरही डास मारण्यासाठी भारतात ते वापरात राहिलं.

ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात. नदीच्या गाळातून ती किड्यांत जातात, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या शिकारी माशांत. दर पायरीला प्रमाण वाढत जातं, कारण खाणारा खूप खातो आणि बाहेर फारसं टाकू शकत नाही. पंधरा-वीस वर्षं जगलेल्या लेक ट्राउटच्या चरबीत तितक्या वर्षांची बेरीज असते. माणसाच्या शरीरात जास्त क्लोरीन असलेल्या काही पीसीबींचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दहा ते पंधरा वर्षं लागतात.

याची सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जागांपैकी एक म्हणजे सेंट लॉरेन्स नदीकाठची मोहॉक लोकांची वस्ती, आक्वेसास्ने. न्यूयॉर्क, ऑन्टॅरिओ आणि क्युबेक यांच्या सीमा या वस्तीतूनच जातात. तिच्या अगदी शेजारी मॅसेना गावात जनरल मोटर्सचा ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतणारा कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. साच्यांच्या यंत्रांतल्या हायड्रॉलिक तेलात पीसीबी होतं. ते गळून सांडपाण्यात, खड्ड्यांतल्या गाळात आणि तिथून नदीत गेलं. १९८४ मध्ये ही जागा अमेरिकेच्या 'सुपरफंड' यादीत, म्हणजे सरकारी देखरेखीखाली साफ करायच्या विषारी जागांच्या यादीत आली. आसपासच्या कासवांच्या चरबीत तर इतकं पीसीबी सापडलं की ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) कायदेशीर मर्यादेनुसार ती कासवं धोकादायक कचऱ्यात मोडत. कात्सी कुक या मोहॉक सुईणीने ऐंशीच्या दशकात आईच्या दुधाच्या तपासणीचा आग्रह धरला आणि संशोधकांना वस्तीसोबत काम करायला लावलं.

नदीतले मासे खाऊ नका, विशेषतः गरोदर बायकांनी आणि मुलांनी, असा सल्ला दिला गेला. बायकांनी तो पाळला. १९८६ ते १९९२ दरम्यान बाळंत झालेल्या मोहॉक स्त्रियांच्या अभ्यासात गरोदरपणी स्थानिक मासे खाण्याचं प्रमाण झपाट्याने घटलेलं दिसतं, आणि नंतरच्या वर्षांत दुधातलं पीसीबीही उतरलेलं दिसतं. विष टाळण्यापुरता हा सल्ला यशस्वी झाला, हे मान्यच करायला हवं. पण ताटातून मासा गेल्यावर त्या जागी काय आलं? मॅकरोनी, पांढरा ब्रेड, डबाबंद मांस, गोड शीतपेयं. शिवाय जाळी टाकणं, ओढणं, मासे साफ करणं आणि सुकवणं यांतली रोजची मेहनतही थांबली. मधुमेह वाढायला एवढं पुरेसं असतं. पर्यायी अन्नाची सोय न करता 'खाऊ नका' म्हणणं हा अर्धवट उपचार होता, आणि त्याची किंमत ज्यांनी नदी बिघडवली नव्हती त्यांनी मोजली.

याच वस्तीतल्या ३५२ प्रौढांच्या रक्ताचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या वीस टक्क्यांना मधुमेह होता. रक्तातलं पीसीबी सर्वांत जास्त असलेल्या एक तृतीयांश लोकांची सर्वांत कमी असलेल्या एक तृतीयांशाशी तुलना केली, तेव्हा मधुमेहाचे 'ऑड्स' (आजार असलेले आणि नसलेले यांचं गुणोत्तर) ३.९ पट निघाले. डीडीईसाठी ते ६.४ पट होते. हा आकडा जपून वाचावा. आजार इतका सर्रास असतो तेव्हा ऑड्स चौपट म्हणजे धोका चौपट असं होत नाही, प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी असते. शिवाय ही रसायनं एकमेकांच्या सोबतीनेच येतात, त्यामुळे नेमका दोष कुणाचा हे वेगळं काढणं कठीण जातं.

दुसरी अडचण रक्ताच्या मोजणीतच आहे. ही रसायनं रक्तातल्या चरबीसोबत फिरतात आणि मधुमेहात ट्रायग्लिसराइड या प्रकारची चरबी वाढलेली असते. म्हणजे आजारामुळेच पीसीबीचा आकडा फुगू शकतो. म्हणून चरबी, वय आणि वजन यांचा हिशेब केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. वरच्या अभ्यासात तो केलेला होता. तरीही आधी विष की आधी आजार, हे एकदाच घेतलेल्या रक्तावरून कळत नाही. त्यासाठी तैवानचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे १९७९ मध्ये तांदळाच्या कोंड्याचं खाद्यतेल पीसीबीने दूषित झालं होतं. विषबाधा झालेल्यांची चोवीस वर्षांनी पाहणी केली, तेव्हा स्त्रियांमध्ये मधुमेह दुपटीच्या आसपास आढळला; पुरुषांत तसा फरक दिसला नाही. इथे विष आधी आणि आजार नंतर, याबद्दल शंका उरत नाही.

शरीरात नेमकं काय होतं, याचा एक चांगला पुरावा नॉर्वेतल्या प्रयोगातून २०१० मध्ये मिळाला. उंदरांना २८ दिवस सामन माशाचं कच्चं तेल दिलं, तेव्हा त्यांच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या आणि पोटाची चरबी वाढली. तेच तेल प्रदूषकं काढून दिलं तेव्हा तसं झालं नाही. चरबीच्या पेशींत ही रसायनं दाह वाढवतात, आणि दाह वाढला की ग्लुकोज आत घेण्याचा इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचत नाही.

अशा पाण्यातला मासा खायचाच असेल तर चरबी काढणं हाच मुख्य उपाय. कातडी पूर्ण सोलावी; खवले काढून भागत नाही. पोटाकडची मऊ पट्टी, पाठीच्या कण्यावरची चरबी आणि बाजूने जाणारी तपकिरी मांसाची रेघ कापून टाकावी. आतडी, यकृत आणि गाबोळी घेऊ नये. तुकडी जाळीवर भाजावी, म्हणजे चरबी खाली गळते, आणि गळलेलं पाणी-तेल फेकून द्यावं. इतकं केल्यावर पीसीबी साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटतं. चूक होते ती दोन ठिकाणी: डोकं-काट्यांचं कालवण केलं तर सगळी चरबी रश्श्यात उतरते, आणि तळण्याचं तेल पुन्हा वापरलं तर विष पुढच्या घाण्यात जातं. यलो पर्चसारखा लहान, कमी चरबीचा मासा बरा. ईल, कार्प आणि मोठा ट्राउट टाळावा. न्यूयॉर्कच्या सल्ल्यात 'एक वेळचा मासा' म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम कच्चं मांस धरतात. महिन्यात किती वेळा खायचं हे त्या मापाने मोजायचं.

माशांत सापडणारं दुसरं विष म्हणजे पारा; त्याला मात्र यांतलं काहीही लागू पडत नाही. ऑन्टॅरिओतल्या ग्रासी नॅरोज वस्तीच्या वरच्या अंगाला ड्रायडन इथल्या कागद कारखान्याच्या क्लोरीन विभागातून १९६२ ते १९७० या काळात अनेक टन पारा नदीत गेला. माशात साठणारा पाऱ्याचा प्रकार, मिथाइल पारा, चरबीत नव्हे तर मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे तो कातडी सोलून जात नाही की भाजून गळत नाही. तिथे उपाय एवढाच: वॉलआय आणि पाइक हे मोठे शिकारी मासे सोडून लहान, किडे खाणारे व्हाइटफिश घ्यायचे, आणि तेही पारा न पोचलेल्या तळ्यातले.